१९० अ‍ॅडलेडचा आणि तिकीट मेलबर्नचं: हे पटतं का?

नाशिककरीण
गेल्या आठवड्यात आमचा ऑस्ट्रेलियाचा १९० व्हिसा आला, म्हणजे एखाद्या राज्याच्या शिफारशीवर मिळणारा. नॉमिनेशन, म्हणजे ती शिफारस, दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याची, त्याची राजधानी अ‍ॅडलेड. पीआर (कायम राहण्याची परवानगी) हातात पडली आणि घरात पहिलं भांडण झालं ते तिकिटावरून. दीर मेलबर्नला, म्हणजे दुसऱ्याच राज्यात, टार्नीटमध्ये राहतात. ते म्हणतात, "सरळ इकडेच या, एक खोली रिकामी आहे. अ‍ॅडलेडला कोण आहे तुमचं?" नवरा तयार आहे. मी नाही.

अर्ज करताना आपण राज्याला लिहून दिलंय की दोन वर्षं तुमच्याकडे राहू, तिथेच काम करू. त्यासोबतचं पत्र मी टाइप केलं. रात्री जेवणं उरकल्यावर, ओट्याच्या कडेला लॅपटॉप ठेवून. अ‍ॅडलेडमधली घरभाडी, लेकीसाठी शाळा, नवऱ्याच्या कामाच्या जाहिराती, सगळं शोधून त्यात घातलं. शेवटची ओळ लिहिताना त्याला विचारलं, "खरंच राहायचं ना?" तो हो म्हणाला.

हा व्हिसा गुणांवर मिळतो. आमचे गुण सांगते, म्हणजे राज्याने काय दिलं ते कळेल. नवऱ्याच्या वयाचे (३९) २५, इंग्रजीचे २०, पदवीचे १५, अनुभवाचे १५ (आयटीतला अनुभव तपासणाऱ्या एसीएस संस्थेने सुरुवातीची दोन वर्षं कापली तरी आठ उरली), माझ्या इंग्रजीचे ५ आणि नवऱ्याने मराठीतून दिलेल्या सीसीएल या दुभाषी परीक्षेचे ५. एकूण ८५. १८९ साठी, म्हणजे राज्याशिवाय मिळणाऱ्या व्हिसासाठी, वर्षभर वाट पाहिली, आमंत्रण आलं नाही. राज्याचे ५ मिळून ९० झाले आणि दार उघडलं, तेव्हा त्याच्या चाळिशीला दोन महिने होते. चाळिशी लागली की वयाचे दहा गुण जातात. अडल्या वेळी ज्यांनी हात दिला, त्यांच्याकडे पाऊलही टाकायचं नाही, हे मला पटत नाही.

मेलबर्नकर
ताई, भावना समजली, पण मी अगदी उलट मताचा आहे. १९० व्हिसावर राहण्याची कायदेशीर अट नाही. सरकारला अट घालायची असते तेव्हा ते घालतं. ४९१ या तात्पुरत्या व्हिसावर घातलीच आहे: नेमलेल्या प्रादेशिक भागातच राहायचं, तिथेच काम करायचं. १९० वर नाही, म्हणजे माणसाला मोकळीक आहे.

मी स्वतः आधी अ‍ॅडलेडला गेलो होतो. चार महिने काढले. डेटाबेसचं काम करतो, अकरा वर्षांचा अनुभव, तरी प्रत्येक फोनवर एकच प्रश्न: इथला अनुभव किती? तिथे संरक्षण क्षेत्र मोठं, ऑस्बर्नला नौदलाची जहाजं बांधतात. पण त्यातल्या बऱ्याच जागांना नागरिकत्व लागतं, आणि नुसत्या पीआरवर ते मिळत नाही. रात्री गोदामात खोकी लावायचो, सकाळी अर्ज करायचो. नेलेले पैसे भाड्यात संपत आले. बायकोने मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं मोडायची भाषा काढली, त्या रात्री मी सामान बांधलं. मेलबर्नला सहा आठवड्यांत नोकरी लागली. मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. पत्रापेक्षा मुलांचं ताट मोठं.

माउंट गॅम्बियरहून
मी ४९१ वर आले. नर्स आहे. पाच वर्षांचा व्हिसा, त्यात तीन वर्षांची करपत्रं जमली की १९१ म्हणजे पक्की पीआर. अट होती म्हणून राहिले हे खरं. पहिल्या हिवाळ्यात रडले हेही खरं. कोथिंबीर बघून आनंद व्हावा एवढं लहान गाव. आता वॉर्डातल्या आज्या माझी पाळी कधी आहे ते विचारून ठेवतात.

मेलबर्नकर, तुमच्या चार महिन्यांना मी नावं ठेवणार नाही. तुम्ही जाऊन बघितलंत, जमलं नाही, निघालात. पण इथे प्रश्न वेगळा आहे. अ‍ॅडलेडला न उतरताच मेलबर्नला जायचं का? लिहून देतानाच मनात दुसरं असेल तर ती चुकीची माहिती झाली, आणि चुकीच्या माहितीवर व्हिसा रद्द करायची तरतूद कायद्यात आहे. आमच्या एजंटने सरळ सांगितलं होतं, "लिहा काहीही, कोणी बघत नाही." मी तो एजंट सोडला.

चिंचवडकर
मी अजून रांगेत आहे. नोव्हेंबरमध्ये ४४ पूर्ण. ४५ झाले की दार बंद. प्रत्येक राज्याला केंद्र सरकार दरवर्षी ठरावीक जागा देतं. ज्याला तिथे जायचंच नाही त्याने ईओआयमध्ये (आमंत्रणासाठी आधी भरायच्या अर्जात) ते राज्य निवडलं, की एक जागा गेली. माझ्यासारख्याची गेली. मी अ‍ॅडलेडला शंभर टक्के राहिलो असतो.

मेलबर्नकर
चिंचवडकर, तुमचा राग मान्य आहे, पण तो राज्यावर काढा. तुमच्या व्यवसायाची गरज आहे असं तेच यादीत लिहितात. त्या यादीवर विश्वास ठेवून माणूस चालती नोकरी सोडतो, गाडी विकतो, आईबापांना मागे ठेवतो. तिथे पोचल्यावर राज्य एक मुलाखतही मिळवून देत नाही. शब्द पाळायचा तर दोघांनी पाळावा. आणि ताई, दीराच्या घरात भाडं वाचणार आहे. ते सहा महिन्यांचं भाडं म्हणजे तुमच्या लेकीची शाळा आहे, हेही हिशेबात धरा.

नाशिककरीण
धरलं. काल रात्री नवऱ्यासमोर वही घेऊन बसले. आठ महिन्यांचं भाडं आणि किराणा निघतो, माझ्या पीएफला हात न लावता. अ‍ॅडलेडला त्याच्या क्षेत्रातल्या कंपन्या लॉट फोर्टीनमध्ये आहेत, जुन्या रॉयल अ‍ॅडलेड हॉस्पिटलच्या जागेवर. तिथल्या नऊ जाहिरातींना त्याने इथूनच अर्ज टाकलेत. आठ महिन्यांत काही लागलं नाही तर राज्याला लिहून कळवायचं आणि मग निघायचं. मेलबर्नकर, तुमची वेळ आमच्यावर येऊ शकते हे मी मान्य करते. पण आधी जाऊन बघायचं.

दीरांना मीच फोन केला. जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मेलबर्न-अ‍ॅडलेड गाडीने आठ-नऊ तास लागतात. तुम्ही उतराल त्या दिवशी डबा घेऊन येतो."