रिसीव्हर घेताना वॅट मोजणाऱ्यांना साष्टांग नमस्कार

सरळसोट (धागाकर्ता)

परवा डेसिबलदादांनी रिसीव्हर (टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन स्पीकर वाजवणारा डबा) घ्यायला निघालेल्या एका नवख्याला सल्ला दिला: "खोक्यावर डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीचे शिक्के बघ, ज्याचे वॅट जास्त तो उचल, टीव्हीपासून ऑप्टिकल वायर ओढ, विषय संपला." खाली लोकांनी टाळ्याही पिटल्या. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

आधी ऑप्टिकल. त्या वायरीतून एकतर दोन चॅनल पीसीएम (न दाबलेला कच्चा आवाज) जातं, नाहीतर जुनं दाबलेलं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस. डॉल्बी डिजिटलची धाव सेकंदाला ६४० किलोबिटपर्यंत. डिस्कवरचे लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेले ट्रॅक मोठे: ट्रूएचडी १८ मेगाबिटपर्यंत जातं, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ २४.५ पर्यंत. हे ऑप्टिकलमध्ये मावतच नाही. म्हणजे ज्या शिक्क्यांसाठी रिसीव्हर घ्यायला लावलात, ते पहिल्याच दिवशी निकामी. शिवाय ते दोन्ही शिक्के आज अगदी साध्या रिसीव्हरवरही असतात. सगळ्यांकडेच आहे त्यावरून निवड कसली करायची?

आता वॅट. खोक्यावर टपोऱ्या आकड्यांत १७५. मॅन्युअलचं शेवटचं पान काढा, बारीक टाइपात सापडेल: ६ ओहमचा स्पीकर, १ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी (आवाजातली विकृती), एकच चॅनल चालू. १० टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेलाच. तोच डबा ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के, दोन चॅनल चालू असा मोजला की ८० वर येतो. सातही चॅनल एकदम वाजताना किती उरतात, ते बहुतेक जण छापतच नाहीत. आणि ८० ऐवजी खरेखुरे १०० मिळाले तरी फरक जेमतेम १ डेसिबलचा. डोळे मिटून कोणाला ओळखता येतो बघू.

मी बघेन ते असं: रूम करेक्शन (माइकने खोली मोजून आवाज सुधारणं) कोणतं आहे, ईआर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून रिसीव्हरकडे परत आणणारी सोय) आहे का, प्री-आउट (वेगळा पॉवर ॲम्प जोडायच्या जागा) आहेत का. खोली आवाजाची जेवढी माती करते तेवढी कुठलाही ॲम्प करत नाही.

डेसिबलदादा

नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. पूर्ण संदर्भ दिला असतात तर जास्त आभार मानले असते.

त्या मुलाकडे डिस्क प्लेअरच नाही. तो टीव्हीतल्या ॲपवर सिनेमे बघतो. तिथे ट्रूएचडी येतं का? नाही. डॉल्बी डिजिटल प्लस येतं, ॲटमॉससुद्धा (छताच्या स्पीकरांचा आवाज) त्यातच कोंबून. मग १८ मेगाबिटचं पुराण कोणासाठी?

वॅटचं म्हणाल तर माझे स्पीकर ४ ओहमचे आहेत, म्हणजे ॲम्पमधून जास्त करंट ओढणारे, आणि सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल, म्हणजे तेवढ्याच वॅटला कमी वाजणारे. तुमच्यासारख्याच एका शहाण्याने "करेक्शन बघ, वॅट बघू नको" म्हणून एक हलका रिसीव्हर माझ्या गळ्यात मारला होता. जरा आवाज चढवला की टक्कन रिले (आतला सुरक्षा स्विच) पडायचा आणि समोर दिवा लुकलुकायला लागायचा. पाहुण्यांसमोर, क्लायमॅक्सला. कागदावरचं गणित तुम्ही करा, मी भोगलंय.

सरळसोट

डॉल्बी डिजिटल प्लससुद्धा ऑप्टिकलमधून जात नाही हो दादा! टीव्ही त्याचं साधं डॉल्बी डिजिटल करून पाठवतो आणि ॲटमॉस वाटेतच गळतं. आर्कने, म्हणजे ईआर्कच्या जुन्या भावाने, ते जातं, आणि आर्क २००९ पासून एचडीएमआय १.४ मध्ये आहे. तुमच्याच उदाहरणातल्या मुलाला तुमच्याच सल्ल्याने नागवलंत.

खर्जातला सा

दोघेही अर्धे बरोबर आहात. स्पीकर ८७ डेसिबलचा धरा, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८७. तुम्ही ३ मीटरवर बसलात की मोकळ्या जागेत साडेनऊ जातात, खोलीत थोडे कमी. साडेनऊच धरू, उरले साडेसत्त्याहत्तर. सिनेमाच्या रेफरन्स पातळीला (थिएटरसाठी ठरलेल्या आवाजाला) एका चॅनलची शिखरं १०५ ला जातात. तिथे पोचायला साडेपाचशे वॅट हवेत. हे ऐकून डेसिबलदादा नाचतील.

पण घरात रेफरन्सवर ऐकतं कोण? बहुतेक जण त्याच्या १५ डेसिबल खाली असतात, आणि तिथे शिखरांना १८ वॅट पुरतात. त्यात मेनूत स्पीकर 'स्मॉल' करून ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर (ज्याखालचा आवाज सबवूफरकडे वळतो ती सीमा) लावला की खर्जाचं सगळं ओझं सबवूफरच्या स्वतःच्या ॲम्पवर जातं आणि रिसीव्हर मोकळा श्वास घेतो. मोठ्ठे टॉवर घेतलेत म्हणून अभिमानाने 'लार्ज' करून ठेवणारे मला रोज भेटतात.

आळशी लांडगा

एक साउंडबार घ्या, झोपा. एक वायर, एक रिमोट. तुमच्या या धाग्याहून सेटअप लवकर होतो.

नेहमीची वाचक

मला एवढंच सांगा, यातला कुठला रिसीव्हर घेतला की माणसं काय बोलतात ते ऐकू येईल? स्फोट झाला की कपाटाच्या काचा थरथरतात. पुढच्या क्षणी दोघं कुजबुजतात आणि आम्ही रिमोट घेऊन ३० वरून ४५. तेवढ्यात दुसरा स्फोट. शेजारच्या खोलीत बाळ उठतं. वॅट, मेगाबिट, ओहम सगळं वाचलं, आमचा प्रश्न कोणाच्याच यादीत नाही.

पडद्यामागचा

ताई, धाग्यातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न तुमचाच आहे. बाकीचे हौशी भांडत बसू देत.

सेंटर स्पीकर कुठे ठेवलाय? टीव्हीखालच्या कप्प्यात, आत सरकवून? मग तो तुमच्या गुडघ्यांशी बोलतोय. कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा, खाली रबराचा तुकडा देऊन तोंड कानांकडे उचला. संवाद बव्हंशी त्या एकट्याच स्पीकरमधून येतात आणि नेमका तोच सगळ्यात लहान आणि सगळ्यात वाईट जागी असतो. मग सेंटरची लेव्हल २-३ डेसिबल वाढवा. शेवटी मेनूत डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन किंवा नाइट मोड (मोठा आणि बारीक आवाज यांतलं अंतर कमी करणारी सोय) शोधा. काही रिसीव्हरांत तिथे 'ऑटो' असतं, पण ते फक्त ट्रूएचडीवर चालतं. बाकीच्या ट्रॅकला स्वतः चालू करावं लागतं.

शुद्धस्वर

नाइट मोड? मग रिसीव्हर घेतलात कशाला? मिक्स करणाऱ्यांनी महिनोन्‌महिने बसून कुजबुज आणि स्फोट यांच्यात जे अंतर ठेवलं, ते एका बटणाने सपाट करायचं! दिग्दर्शकाला जसं अभिप्रेत आहे तसंच ऐकावं. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी सबटायटल्स आहेत.

नेहमीची वाचक

दिग्दर्शकाला आमच्याकडे रात्री बाळ सांभाळायला पाठवा. मग तो म्हणेल तसं ऐकू.

आळशी लांडगा

ताईंना माझ्यातर्फे १०० गुण.

पडद्यामागचा

शुद्धस्वर, तो मिक्स मोठ्या, आवाज शोषणाऱ्या खोलीत रेफरन्स पातळीला झाला होता. तुमच्या फरशी-काचेच्या दिवाणखान्यात १५ डेसिबल खाली वाजवलात की कुजबुज पंख्याच्या आवाजाखाली जाते. तेव्हा 'अभिप्रेत' तुम्हीही ऐकत नाही. फक्त त्याबद्दल बोलता.

शुद्धस्वर

माझी खोली तुम्ही पाहिली नाहीत. पडदे आहेत, गालिचा आहे, मागच्या भिंतीला ॲब्सॉर्बर आहेत. उगाच वैयक्तिक होऊ नका. आणि ज्यांना लॉसलेस आणि दाबलेला आवाज यांतला फरक कळत नाही, त्यांनी अभिप्रेतवर बोलूच नये.

खर्जातला सा

आला लॉसलेस. शुद्धस्वर, तुम्ही तो फरक ऐकलात तेव्हा दोन्ही ट्रॅकची पातळी सारखी केली होती का? डॉल्बीच्या ट्रॅकमध्ये डायलॉगनॉर्म नावाचा आकडा असतो. तो उणे ३१ असेल तर रिसीव्हर काही करत नाही, उणे २७ असेल तर सगळा ट्रॅक ४ डेसिबल उतरवतो. शेजारच्या डीटीएस ट्रॅकला तसं झालं नाही, की तो आपोआप 'भरदार' वाटतो. ४ डेसिबल जास्त असलेलं कोणालाही भरदारच वाटेल.

लॉसलेस चांगलंच, मी डिस्कच घेतो. पण "पडदा बाजूला झाला" वगैरे ऐकलं की मी आधी व्हॉल्यूमचा आकडा विचारतो.

शुद्धस्वर

पातळी केली होती. कानाने.

खर्जातला सा

मग प्रश्नच मिटला. 🙏

शंकासुर

मध्येच घुसतो, माफ करा. डिस्क लावली की माझ्या रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ट्रूएचडी येतच नाही. 'मल्टि चॅनल इन' येतं. रिसीव्हर गंडलाय का? परत करू?

सरळसोट

अजिबात नको. तुमचा प्लेअर स्वतःच डिकोड करून पीसीएम पाठवतोय. नेहमीच्या ५.१ किंवा ७.१ ला (पाच किंवा सात स्पीकर, एक सबवूफर) त्याने काही बिघडत नाही, लॉसलेस ते लॉसलेसच. पण छताचे स्पीकर असतील तर ते गप्प राहतील किंवा रिसीव्हर अंदाजपंचे काहीतरी त्यांत सोडेल, कारण ॲटमॉसची माहिती प्लेअरमध्येच राहिली. प्लेअरमध्ये बिटस्ट्रीम (ट्रॅक न उलगडता जसाच्या तसा पाठवणं) करा, आणि 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'मिक्स' असं काही असेल ते बंद करा. ते चालू राहिलं तर बिटस्ट्रीमवरही साधं डॉल्बी किंवा डीटीएसच बाहेर पडतं आणि माणूस रिसीव्हरला शिव्या देत बसतो.

डेसिबलदादा

करेक्शनचे गोडवे गाणाऱ्यांसाठी एक किस्सा. मेव्हण्याने तुमचं ते ऑटो कॅलिब्रेशन केलं. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवलेला, पंखा चालू, पोरं खोलीत. निकाल: सबवूफर प्रत्यक्षात आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब दाखवला. ही तुमची अक्कलवान यंत्रं. बिचाऱ्याने टेप घेऊन खरं अंतर मोजलं आणि हाताने भरलं.

पडद्यामागचा

आणि सबचा आवाज बिघडला असणार. तो आकडा बरोबरच होता! सबच्या आतल्या फिल्टरांमुळे आवाज उशिरा निघतो, रिसीव्हर त्या उशिराचं अंतर करून दाखवतो. टेपने 'दुरुस्त' केलं की ८० हर्ट्झच्या आसपास सब आणि पुढचे स्पीकर एकमेकांना मारायला लागतात. मेव्हण्यांना सांगा, पंखा बंद, माइक स्टँडवर कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून सुटा, आणि मग आलेल्या अंतरांना हात लावायचा नाही. क्रॉसओव्हर मात्र तपासायचा, तिथे यंत्र खरंच गाढवपणा करतं. टॉवर दिसले की 'लार्ज'.

डेसिबलदादा

म्हणजे यंत्र बरोबर, पण तपासायचं. कळलं. वेदवाक्य.

कन्सोलवेडा

इतके प्रतिसाद झाले आणि गेमिंगचं कोणीच बोललं नाही. २०२० साली एचडीएमआय २.१ लिहिलेल्या काही रिसीव्हरांतून नव्या कन्सोलचं ४के १२० हर्ट्झ दिलं की पडदा काळा व्हायचा. चिपमध्येच दोष. त्यातला एक माझ्या नशिबी होता. तेव्हापासून चित्र रिसीव्हरमधून नेतच नाही. कन्सोल थेट टीव्हीला, आवाज ईआर्कने परत. ईआर्क ३७ मेगाबिटपर्यंत नेतं, ट्रूएचडी सहज. रिसीव्हरवर किती एचडीएमआय हा प्रश्नच गेला.

सरळसोट

टीव्ही आडवा आला नाही तर. काही टीव्ही डीटीएस पुढे सोडतच नाहीत, ईआर्क असो वा नसो. घेण्याआधी टीव्हीचं मॅन्युअल उघडा. डिस्क प्लेअर मी तरी सरळ रिसीव्हरलाच लावेन.

नेहमीची वाचक

अपडेट. सेंटर पुढे ओढला, खाली खोडरबर दिलं, ३ डेसिबल वाढवला. काल पूर्ण सिनेमा एकदाही रिमोट न उचलता. नाइट मोड पण लावला, शुद्धस्वरांची क्षमा मागून. नवीन रिसीव्हर रद्द. लांडगेभाऊ, साउंडबारही रद्द.

शुद्धस्वर

सेंटर हलवल्याचं स्वागत. बाकीचं वाचलं नाही असं समजतो.

शंकासुर

सेकंडरी ऑडिओ बंद केलं, ट्रूएचडी उमटलं! आता एकच: माझे स्पीकर पण ४ ओहमचे आहेत. मेनूतला इंपीडन्स (ओहमचा आकडा) ४ वर करू का?

डेसिबलदादा

करू नका. बहुतेक रिसीव्हरांत त्याने आतलं व्होल्टेज उतरतं. डबा थंड राहतो, पण जोरही जातो. मी करून पाहिलंय. आता तरी कोणी म्हणेल का की वॅट बघू नका? ऑप्टिकलचं तुमचं मान्य, सरळसोट. त्या मुलाला एचडीएमआय लाव असं कळवलंय, तुमचं नाव न घेता. पण ४ ओहम, ८५ डेसिबलवाल्यांना तुमच्या ८० वॅटच्या डब्याने काय करायचं ते सांगा.

सरळसोट

प्री-आउटला वेगळा पॉवर ॲम्प जोडायचा. पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, वॅटच्या परिच्छेदानंतर.

डेसिबलदादा

तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.