नव्या एन्झाइमला ईसी क्रमांक मिळवायचा कसा?

प्रश्न: जिवाणूतून शुद्ध केलेल्या एका डिहायड्रोजनेजची (हायड्रोजन काढून घेणाऱ्या एन्झाइमची) अभिक्रिया ईसी क्रमांकांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या अभिक्रियांना दिलेल्या चार भागांच्या वर्गक्रमांकांच्या, यादीत कुठेच सापडत नाही. जनुकक्रम मात्र एका ओळखीच्या एन्झाइमशी बराच जुळतो. क्रमांक कोण देतं? पुरावा काय लागतो?

उत्तर १: क्रमांक आययूबीएमबी देते. जैवरसायनशास्त्राची ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५५ सालची, आणि नामकरणाचं काम तिची समिती पाहते. नुसतं क्रमसाम्य तिथे चालत नाही, कारण क्रमांक प्रथिनाचा नसतो, अभिक्रियेचा असतो. आधी एक्सप्लोरएन्झ या ईसी क्रमांकांच्या ऑनलाइन यादीत नीट शोधा. मग संतुलित समीकरण, सहघटक (अभिक्रियेत एन्झाइमला साथ देणारा रेणू) आणि प्रसिद्ध झालेला शोधनिबंध देऊन अर्ज करा.

उत्तर २: गाडी बहुतेकदा सहघटकावर अडते. अल्कोहोल डिहायड्रोजनेजच घ्या: एनएडी या सहघटकावर चालणारं १.१.१.१, एनएडीपीवर चालणारं १.१.१.२. त्यामुळे केएम आणि केकॅट (एन्झाइमची पकड आणि वेग सांगणारे आकडे) दोन्ही सहघटकांवर मोजा. शिवाय ३४० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण वाढलं, एवढ्यावर थांबू नका. त्यातून एनएडीएच (एनएडीचं हायड्रोजन घेतलेलं रूप) तयार झाल्याचं कळतं, उत्पाद कोणता ते नाही. तो मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखावाच लागेल. प्रथिनात दुसऱ्या एन्झाइमची भेसळ उरली असेल तर सगळीच मोजमापं फसवी ठरतात, म्हणून सब्स्ट्रेटविना (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाविना) आणि एन्झाइमविना असे दोन्ही कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे प्रयोग, लावा.

उत्तर ३: जुने निबंध वाचताना एक सांभाळा. २०१८ मध्ये ट्रान्सलोकेजांचा (पेशीपटलापार आयन वा रेणू नेणाऱ्या एन्झाइमांचा) सातवा वर्ग आला आणि एटीपी सिंथेज ३.६.३.१४ वरून ७.१.२.२ वर गेलं. जुन्या क्रमांकाने शोधलंत तर नवी माहिती हातून निसटेल.