खोली पाडून झाली, निधी कापला गेला. वर्ग भरवायचा कुठे?

धागाकर्ता (पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य):
आमच्या गावची जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. दोन कौलारू खोल्यांपैकी एकीचे वासे वाळवीने पोखरले होते. अभियंता येऊन बघून गेले, निर्लेखन (म्हणजे खोली वापरातून काढून पाडायची परवानगी) मंजूर झालं, उन्हाळ्यात खोली पाडली. नवीन खोली तालुक्याच्या यादीत होती. जूनमध्ये कळलं की यंदा निधी कमी आला आणि आमचं नाव यादीतून गेलं. आता पहिली ते चौथी एकाच खोलीत. बाई एका भिंतीकडे तोंड करून बाराखडी घेतात, सर दुसऱ्या भिंतीवर भागाकार. जोराचा पाऊस आला की पहिलीची पोरं देवळाच्या सभामंडपात नेतात. गेल्या आठवड्यात तिथं दशक्रियेचं जेवण होतं, म्हणून पोरांना घरी पाठवलं.
माझं म्हणणं एवढंच, की पाडण्याचा आणि बांधण्याचा आदेश एकाच वेळी निघाला पाहिजे.

प्रतिसाद १:
सहमत नाही. २०१७ साली नगर जिल्ह्यात निंबोडीला शाळा कोसळून ३ मुलं गेली. २०२५च्या जुलैत राजस्थानात झालावाड जिल्ह्यात ७. नव्या खोलीचे पैसे येईपर्यंत जुनी उभी ठेवायची, तर जबाबदार कोण? धोकादायक खोली आधी पाडलीच पाहिजे.

धागाकर्ता:
पाडू नका असं मी म्हणत नाहीये. निंबोडीचं ऐकल्यापासून आमच्या बायका पावसात पोरांना शाळेत धाडायला घाबरायच्या. पण पाडल्यावर पोरं उघड्यावर येणार हे त्याच दिवशी माहीत असतं ना? मग निदान त्या खोल्यांना तरी कात्री लावू नये.

प्रतिसाद २:
पट किती आहे? वीसच्या आत असेल तर नवीन खोलीवर लाखो रुपये घालण्यापेक्षा शेजारच्या मोठ्या शाळेत मुलं न्या, गाडीची सोय करा. तिथं प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळेल. इमारत म्हणजे शिक्षण नव्हे. सरकारकडे पैसा मर्यादित आहे आणि तो जास्त मुलं आहेत तिथं जावा, यात अन्याय काय?

धागाकर्ता:
पट ३१ होता, आता २४. सात जण गेले ते खोली पाडल्यावर. रस्त्यावर पिवळी बस येते, ज्याला परवडतं तो पोराला तिच्यात बसवतो. राहिली ती ऊसतोड आणि मजुरीवाल्यांची. आधी खोली काढून घ्यायची, पट घसरू द्यायचा आणि मग पट नाही म्हणून खोली द्यायची नाही!

प्रतिसाद ३ (शिक्षिका):
पट घसरल्याचा आणखी एक फटका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाच्या खर्चासाठी मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत १०,००० रुपये, त्यापुढे १०० पर्यंत २५,०००. म्हणजे तुमची शाळा खालच्या टप्प्यात आली. त्यात वीजबिल, खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती. आमच्या शाळेत गळकी कौलं बदलायला गवंडी बोलावला, त्याची मजुरी आम्ही शिक्षकांनी भरली.
प्रतिसाद २ साठी: पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी असं आपल्याकडचे शिक्षणहक्काचे नियम सांगतात. गाडी दोन दिवस बंद पडली की घरी बसतात त्या मुलीच.

प्रतिसाद २:
अंतराचा मुद्दा मान्य, मुलींचाही. तरीही एका खोलीत चार इयत्ता हे शिक्षण नाही, आणि नवी खोली मिळाली तरी शिक्षक दोनच राहणार.

प्रतिसाद ४:
लोकवर्गणी काढा. आमच्या गावाने पत्र्याचं शेड उभं केलं.

धागाकर्ता:
काढली होती, २०१९ला, संडास आणि पाण्याच्या टाकीसाठी. दुसऱ्यांदा त्याच मजुरांपुढे हात पसरायला जीभ रेटत नाही. शिवाय पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की बाईंचा आवाज मागच्या ओळीला जात नाही.

प्रतिसाद १:
१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या. निर्लेखनाचा आदेश आणि आधीच्या यादीची प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या. पाडण्यावरचं माझं मत बदललेलं नाही, पण यादीतून नाव का काढलं याचं लेखी उत्तर तुम्हाला मिळायलाच हवं.

धागाकर्ता:
आदेश माझ्याकडे आहे. यादीची प्रत उद्या पंचायत समितीत जाऊन मागतो.