फरशीच्या फटीतलं हे जांभळं फूल कशाचं?

सहकारनगरची बाग
नमस्कार मंडळी. आमचं घर तळमजल्यावर, पुढे जेमतेम दहा बाय बाराची जागा. गेल्या पावसाळ्यात शहाबादी फरशीच्या फटीतून एक रोप वर आलं. मी लावलेलं नाही, सासूबाईंनी तर नाहीच. त्या तुळस आणि अबोली सोडून कशाला झाडच म्हणत नाहीत. यंदा वीसेक रोपं झालीत, एक तर थेट मीटरच्या पेटीखाली.

उंची गुडघ्याच्या आत, पानं लंबगोल, समोरासमोर. फूल कर्ण्यासारखं, फिकट जांभळं. सकाळी टवटवीत, दुपारी खाली सडा. एक उपटलं तर मुळं फुगीर, बारक्या गाजरांसारखी. आणि पाइपने पाणी घातलं की टच्च टच्च आवाज येतो! काल माझ्या चष्म्यावर काहीतरी आपटलं. नवऱ्याचं निदान: किडे.

कुंडीबहाद्दर
गुलबक्षी. आपोआप उगवते ती हीच.

सहकारनगरची बाग
नाही हो, गुलबक्षी संध्याकाळी फुलते. तेवढं मलाही कळतं.

टेकडीवाला
रुएलिया ट्युबरोसा. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, पण आता पुण्यात कुठेही उगवते. रस्त्याच्या दुभाजकात लावतात ती रुएलिया वेगळी. ती उंच, पानं अरुंद. तुमच्या फुगीर मुळांवरून शंकाच राहत नाही. सासूबाईंना सांगा, अबोलीच्याच कुळातली आहे, अडुळसाही त्यातलाच.

आवाज शेंगांचा. वाळलेल्या तपकिरी शेंगेच्या टोकाला पाणी लागलं की तिथला जोड सुटतो, दोन्ही फाका ताडकन उघडतात आणि बिया उडतात. भिजलेली बी बुळबुळीत होऊन जिथे पडेल तिथे चिकटते. म्हणजे रोज संध्याकाळी पाइप धरून पेरणी तुम्हीच करताय! कमी करायची असतील तर शेंगा हिरव्या असतानाच खुडा. नुसतं उपटून भागत नाही, मूळ तुटून राहिलं की परत फुटतं.

पेठेतली
शाळेत असताना आम्ही ह्या शेंगा थुंकी लावून पुढच्या बाकावरच्या मुलीच्या वेणीत खोचायचो. मग वाट बघायची.

सहकारनगरची बाग
टेकडीवाले, बरोबर! वाटीभर पाण्यात पाच शेंगा टाकल्या, चार उडाल्या. नवरा अजून पाचवीकडे बघत बसलाय. मीटरखालचं तेवढं काढते, बाकीची राहू देत. सासूबाई म्हणाल्या, "अबोलीची नातेवाईक असेल, पण गजऱ्यात चालते का?"