प्रादचा कासाल्स महोत्सव: थोडी भर

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या निषेधार्थ चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी जाहीर वादनावर बहिष्कार टाकला होता. १९५० साली ते प्रादमध्ये पुन्हा श्रोत्यांसमोर बसले म्हणजे तो बहिष्कार गुंडाळलाच, असं काहीजण म्हणतात, ते काही पटत नाही. अमेरिकेतून येणारी आमंत्रणं त्यांनी तेव्हाही धुडकावलीच. मग व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांनी उलटा मार्ग काढला: तुम्ही येत नाही ना, वादकांनाच तुमच्या गावी आणतो. निमित्त संगीतकार बाखच्या दोनशेव्या स्मृतिवर्षाचं. फ्रान्समधल्या पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या प्रादसारख्या आडगावात स्टर्न, सर्किन, सिगेटी असे नावाजलेले वादक हजर झाले, आणि मैफली गावच्या चर्चमध्ये झाल्या. याला माघार म्हणायचं तर म्हणा बापडे.

कासाल्सचं नाव निघालं की सगळा भर बाखच्या चेलो सुइट्सवर (एकट्या चेलोसाठीच्या रचनांवर) असतो, पण चेंबर म्युझिकचा, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीताचा महोत्सव म्हणून प्रादची खरी कमाई मला १९५२ च्या ध्वनिमुद्रणात दिसते. संगीतकार शूबर्टचं सी मेजर क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांची रचना. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो या नेहमीच्या चौकडीत इथे दुसरा चेलो येतो. पहिला कासाल्सकडे, दुसरा पॉल तोर्तलिएकडे. सोबत व्हायोलिनवर स्टर्न आणि श्नायडर, व्हायोलावर मिल्टन केटिम्स. दुसऱ्या भागात मधले तिघे लांब सूर धरून ठेवतात, वर पहिलं व्हायोलिन तुटक बोलतं आणि खाली तोर्तलिए नुसत्या बोटांनी तारा छेडत राहतात. कासाल्स तिथे मधल्या तिघांत आहेत, मिरवण्याची जागाच नाही! पंचाहत्तरी गाठलेला हा दिग्गज इतरांच्या सुरात किती मिसळून वाजवतो, ते हेडफोन लावून ऐका.