मदत हवी आहे: अभयारण्यातल्या गावाचा सामूहिक वनहक्क दावा आणि जंगलाचा आराखडा

नमस्कार मंडळी,

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत येतं. वस्ती महादेव कोळ्यांची. ग्रामसभेनं वनहक्क समिती नेमली असून सामूहिक वनसंपत्तीचा दावा (म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क मागायचा अर्ज) टाकायचं ठरलंय. कागदपत्रं जमवायचं काम आम्हा तरुण पोरांकडं आहे.

चौकशीला गेलो तर एका कार्यालयात तोंडी सांगितलं, "अभयारण्यात असले हक्क मिळत नाहीत." कायद्यात तसं कुठंही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीच्या व्याख्येतच अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं धरलेली आहेत. कलम ५ प्रमाणे जंगल, वन्यजीव आणि पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. दावे निकाली निघेपर्यंत कुणाला हलवता येत नाही, हे कलम ४(५) सांगतं. तरी गावात लोक विचारतात, "दावा टाकला तर उलट उठवणार नाहीत ना?" ही भीती आधी जायला हवी.

आमच्याकडं सगळ्यात नाजूक विषय हिरड्याचा. उन्हाळ्यात बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळं) झोडायचा, अंगणात वाळवायचा आणि विकायचा, त्यावर कित्येक घरांचा वर्षाचा किराणा भागतो. काही झाडं मालकीत आहेत, काही जंगलात. जंगलातला हिरडा विकायचा म्हटलं की वन्यजीव कायद्याचा धाक दाखवतात. वनहक्क कायदा मात्र गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलात मिळणारी फळं, पानं, मध वगैरे) गोळा करून विकायचा हक्क देतो. दुसरीकडं आमच्या देवराईत वाळलेलं लाकूडसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. हा नियम गावानंच घातला आणि गावच पाळतं. शेकरू टिकला तो अशा उंच, जुन्या झाडांवर. मग जंगल कसं राखायचं हे ठरवताना आम्हाला मजूर आणि वाटाड्या एवढंच का धरावं?

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूरच्या पाचगावनं तर तेंदूपत्त्याच्या तोडणीनं आणि आगीनं जंगलाचं नुकसान होतं म्हणून ते उत्पन्न स्वतःहून सोडलं. पण ही दोन्ही गावं अभयारण्यात नाहीत. आमच्यासारखी परिस्थिती कर्नाटकातल्या सोलिगा आदिवासींची आहे. बिळीगिरी रंगनाथ टेकड्यांच्या व्याघ्र प्रकल्पात त्यांना २०११ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. ते लोक सांगतात की पूर्वी ते कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याला हलकी आग लावायचे. ती बंद केल्यावर घाणेरी माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळं वाढली. त्यांचं हे म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. जंगलाचं काय चुकतंय हे रोज त्यात वावरणाऱ्याला आधी दिसतं. (आमच्याकडं आग चालेल असं मी म्हणत नाही. आमचं सदाहरित रान वेगळं आहे.)

आता माझे प्रश्न.

महाराष्ट्रात अभयारण्यातल्या किंवा व्याघ्र प्रकल्पातल्या कुठल्या गावानं हक्क मिळवून स्वतःचा व्यवस्थापन आराखडा प्रत्यक्ष राबवलाय का? मेळघाटातल्या कोरकू गावांचा अनुभव कुणाला असेल तर जरूर लिहा. वनहक्क कायद्याच्या नियमांतला नियम ४ म्हणतो की ग्रामसभेच्या समितीनं आराखडा करायचा आणि समितीला योग्य वाटतील ते बदल करून तो वनविभागाच्या आराखड्याशी जोडायचा. बैठकीत हे कसं होतं? शेवटचा शब्द कुणाचा राहतो?

दुसरं, पारंपरिक सीमा. म्हाताऱ्यांनी सांगितलेली हद्द ओढा, खिंड, देवस्थान अशी जाते आणि कंपार्टमेंटच्या (वनविभागानं पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांच्या) नकाशाशी जुळत नाही. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात हे माहीत आहे. जोडीला आणखी काय लावलंत? शेजारच्या गावाशी हद्दीवरून कुरबुर असेल तर संयुक्त ठराव केलात का? त्याचा नमुना असला तर फार उपकार होतील.

आणि हो, दावा घ्यायलाच नकार दिला तर पोच कशी मिळवायची? फेटाळला तर लेखी कारण मिळतं आणि साठ दिवसांत दाद मागता येते. पण नुसतं तोंडी "नाही" म्हणून परत पाठवलं तर हातात काहीच राहत नाही.

पावसाच्या आधी हद्दीची फेरी उरकायची आहे, त्यामुळं सीमेबद्दल कुणाला माहिती असेल तर ती आधी लिहावी ही विनंती.