समानार्थी-विरुद्धार्थी पाठ करून इंग्रजी येतं का? भाचीच्या वहीवरून पडलेला प्रश्न

गोदाकाठचा मामा
भाची नववीला आहे, मराठी मीडियम, आणि इथे नाशकातच एका क्लासला जाते. रोज २५ इंग्रजी शब्द, प्रत्येकाची व्याख्या, तीन समानार्थी, दोन विरुद्धार्थी, आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट. वही बघितली, मोत्यासारखं अक्षर, विरुद्धार्थी लाल शाईने, २५ पैकी २४ मार्क. परवा तिने आजीवर दहा ओळी लिहिल्या आणि पहिलंच वाक्य, 'माय ग्रँडमदर इज एन्शंट'. म्हटलं अगं पांडवलेणीला एन्शंट म्हण, आजीला नको. तर वही उघडून बोट ठेवलं, मामा हे बघ ना, ओल्ड म्हणजे एन्शंट. डोळ्यात पाणी आलं होतं पोरीच्या, कारण तिने दिलेलं सगळं पाठ केलं होतं आणि तरी चुकलं.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. मराठीत घर आणि गृह समानार्थी आहेत ना, मग गृहपाठाला घरपाठ का नाही म्हणत, घरजावयाला गृहजावई का नाही म्हणत? हे आपल्याला कोणी पाठ करून घेतलं नाही, लहानपणापासून कानावर पडलं म्हणून कळतं. समानार्थी शब्दाची यादी अर्थ सांगते पण शब्द कुठे बसतो ते सांगत नाही, आणि भाषा येणं म्हणजे तेच की. माझं मत, या याद्या बंद करा, रोज पाचच शब्द द्या पण प्रत्येकाचं वाक्य लिहून घ्या.

स्पर्धापरीक्षा सर
मामा, भाचीचं वाईट वाटलं पण मत अजिबात पटलं नाही. मी बारा वर्षं मुलांना शिकवतोय, पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची पोरं येतात, सीबीएस बसस्टँडला उतरून चालत. ज्यांच्या घरात इंग्रजी पेपर येत नाही, इंग्रजी बोलणारं कोणी नाही, त्यांच्या कानावर काय पडणार? ऐकून-वाचून शिका हे ज्याच्याकडे ऐकायला-वाचायला आहे त्याने म्हणावं. एसएससी म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० मार्क, त्यात समानार्थी विरुद्धार्थी सरळ विचारतात. माझ्या पोरांना त्या दोन-तीन मार्कांवर नोकरी मिळते किंवा जाते. यादी हीच त्यांची शिडी आहे, ती काढून घेऊ नका.

रात्रपाळी, अंबड
सर तुमचं बरोबर आहे पण विरुद्धार्थीबद्दल एक सांगतो. आम्हाला शाळेत शिकवलं, शब्दाच्या पुढे इन लागला की उलटा अर्थ, करेक्ट इनकरेक्ट, व्हिजिबल इनव्हिजिबल. कामाला लागलो तेव्हा शेडमध्ये थिनरचे ड्रम होते, त्यावर इन्फ्लेमेबल लिहिलेलं. मी मनात धरलं की हे पेट न घेणारं, आणि चार दिवस त्याच्या शेजारी वेल्डिंगचं सामान ठेवत होतो. एका जुन्या फिटरकाकांनी हाताला धरून बाजूला नेलं आणि सांगितलं, फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्हीचा अर्थ एकच, भडका उडणारं. टँकरच्या मागे हायली इन्फ्लेमेबल लिहितात ते उगाच नाही. आजही तो शब्द दिसला की अंगावर काटा येतो.

बागायतदार, पिंपळगाव
माझा अनुभव मामांच्या उलटा. आम्हाला व्याख्याच लागते, तीही शब्दन् शब्द. द्राक्ष एक्स्पोर्टला द्यायला लागलो तेव्हा कागदावर प्री हार्वेस्ट इंटरव्हल असायचं. इंटरव्हल म्हणजे मला सिनेमातलं मध्यंतर माहीत, पुढचंमागचं वाचून वाटलं की दोन फवारण्यांमधलं अंतर असेल. खरा अर्थ, शेवटची फवारणी आणि काढणी यात किमान इतके दिवस गेलेच पाहिजेत. तिथे अंदाज चुकला की मालात औषधाचा अंश सापडतो आणि कंटेनर अडकतो. दहा वाक्यं वाचून जे कळलं नाही ते एका ओळीच्या व्याख्येने कळलं.

सिडकोतली बाई
वीस वर्षं इंग्रजी शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते. व्याख्या वाईट नाही, ती सोप्या शब्दात हवी. हॉर्नबी नावाच्या इंग्रज शिक्षकाने जपानमध्ये शिकवताना सहकाऱ्यांबरोबर परभाषिकांसाठी जी डिक्शनरी केली (१९४२) तिथून पुढे ऑक्सफर्डची विद्यार्थ्यांची डिक्शनरी झाली, आता तिच्या व्याख्या साधारण ३००० ठरावीक शब्दांतच लिहितात. मुलांना ती द्या, गाईडातली जड व्याख्या नको.

दुसरं, सर, यादी ठेवा पण जोड्या एकाच दिवशी देऊ नका. टिंकम नावाच्या संशोधकाने १९९३ आणि १९९७ मध्ये प्रयोग केले, अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकवले तर ते शिकायला जड जातात. वर्गात रोज बघते मी, असेंड डिसेंड एकाच तासाला शिकवलं की महिन्याने मुलाला दोन्ही आठवतात पण वर जाणं कुठलं आणि खाली येणं कुठलं ते आठवत नाही. आधी एक पक्का करा, मग पंधरा दिवसांनी दुसरा. आणि पहिले २००० नेहमीचे शब्द यादीने करायला माझी काहीच हरकत नाही, साध्या मजकुरातला सुमारे ८०% भाग तेवढ्यातच येतो. त्यापुढे मात्र वाचनाला पर्याय नाही.

स्पर्धापरीक्षा सर
बाई, जोड्या वेगळ्या करायचं पटलं, असेंड डिसेंडचा गोंधळ माझ्याकडेही होतो आणि मी पोरांनाच बोलायचो. पुढच्या बॅचला करून बघतो. पण मामा वाक्य लिहून घ्यायचं म्हणतात ते ८० पोरांच्या वह्या तपासणार कोण? तुमच्या शाळेतसुद्धा हे अवघड असेल.

सिडकोतली बाई
अवघड आहेच सर. मी बाकाबाकावर अदलाबदल करते, शेजारच्याने वाक्य मोठ्याने वाचायचं. निम्म्या चुका वाचतानाच मुलांच्या कानाला खटकतात. उरलेल्या निम्म्या राहतात, ते खरं आहे.

गोदाकाठचा मामा
याद्या बंद करा म्हणालो ते मागे घेतो, पेठ-सुरगाण्याच्या पोरांचा विचार मी केला नव्हता. पण वाक्याशिवाय समानार्थी द्यायचा नाही यावर अजून ठाम आहे. काल भाचीबरोबर बसून ओल्डचं पान परत लिहिलं, एन्शंटसमोर पांडवलेणी, एल्डर्लीसमोर आजी, आणि सेकंडहँडसमोर तिने स्वतःहून तिची सायकल लिहिली. एका पानाला पाऊण तास लागला. क्लासची आजची टेस्ट राहिली त्यामुळे.